विल्टशरचा ओवीकार : फादर थॉमस स्टीफन्स

इंग्लंडच्या दक्षिण भागात विल्टशर नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तर अंगास खडूच्या दगडाचा एक उभा चढ लागतो आणि त्या चढाच्या पायथ्याशी, झाडीत अर्धवट दडलेले क्लिफ पिपर्ड नावाचे खेडे आहे. इंग्लंडात ज्याला पॅरिश म्हणतात ती कल्पना आपल्या कोकणातील माणसास समजावून सांगावी लागू नये. एका ग्रामदेवतेच्या कौलाखाली जशा बारा वाड्या नांदतात, तशा तिकडे एका चर्चच्या छत्राखाली चार-दोन वस्त्या येतात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन तेथेच व्हावयाचे, वर्गणीही तेथेच द्यावयाची. क्लिफ पिपर्डचे चर्च संत पीटरच्या नावाने आहे. त्याचे बरेचसे बांधकाम पंधराव्या शतकातील असून एकोणिसाव्या शतकात विल्यम बटरफील्ड या नामांकित वास्तुविशारदाने त्याचा जीर्णोद्धार केला. इंग्लंडमधील इमारतींची परगणावार गाथा लिहिणारे निकोलस पेव्हस्नर १९८३ साली निधन पावल्यावर याच चर्चच्या आवारात विसावले. त्यामुळे वास्तुकलेच्या अभ्यासकांस हे खेडे परिचित आहे.

मराठी माणसाने या खेड्याचे नाव ध्यानात ठेवावे, त्याचे कारण मात्र निराळे आहे. या पॅरिशमधील बुशटन नावाच्या वाडीत, इ. स. १५४९च्या सुमारास, एका व्यापाऱ्याच्या घरी थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. पुढे याच गृहस्थांनी सासष्टीत बसून मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार भरतात, हे लक्षात घेतले म्हणजे या उद्योगाचा आवाका कळतो.

१५४९ हे साल इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील चर्चांच्या इतिहासात मोठ्या उलथापालथीचे होय. तोपर्यंत उपासना लॅटिन भाषेत चालत असे. गावकऱ्यास तिचा अर्थ उमगो वा न उमगो, तिचा नाद त्याच्या कानी पिढ्यान्पिढ्या बसलेला होता. त्या वर्षीच्या जूनपासून राजाज्ञेने सर्व चर्चांत इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. डेव्हन आणि कॉर्नवॉल या परगण्यांत त्यावरून बंड उसळले. कॉर्नवॉलच्या लोकांची तर भाषाच वेगळी होती, त्यांतल्या कित्येकांस इंग्रजीही कळत नसे. बंड चिरडले गेले आणि हजारो माणसे मारली गेली. १५५३ मध्ये मेरी राणी गादीवर आली, तेव्हा लॅटिन परत आली. १५५८ मध्ये एलिझाबेथ आली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा इंग्रजी. लहानगा थॉमस दहा वर्षांचा होईतो त्याच्या भोवतालच्या प्रत्येक चर्चमध्ये देवाशी बोलण्याची भाषा तीनदा बदलली होती. धर्म, राजसत्ता आणि भाषा यांची गाठ किती घट्ट असते याचा धडा त्यास पुस्तकातून शिकावा लागला नाही.

१५६४ साली थॉमस विंचेस्टरच्या प्रसिद्ध विद्यालयात दिसतात. घडण चांगली झाली, परंतु मन जुन्या, म्हणजे रोमन कॅथलिक पंथाकडे राहिले, आणि एलिझाबेथच्या राज्यात ती वाट काट्यांची होती. टॉमस पाउंड नावाचा एक धनिक दरबारी गृहस्थ त्यांचा स्नेही होता. दोघांनी रोमला जाऊन जेझुइट संघात शिरावयाचे ठरविले. स्टीफन्स पाउंडचा नोकर म्हणून वेष पालटून त्याच्यासमवेत वावरत असत. निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची पुढली तीसेक वर्षे एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात गेली. स्टीफन्स निसटले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोममध्ये संघाचे उमेदवार झाले. मित्रास ते विसरले नाहीत. १५७८ मध्ये त्यांनी वरिष्ठांपुढे पाउंडची सारी हकीकत मांडली आणि तुरुंगात असतानाच त्यास संघात घेतल्याचा निरोप गेला. त्याच १५७५ साली संघात शिरलेले दुसरे इंग्रज तरुण हेन्री गार्नेट पुढे मायदेशी परतले आणि १६०६ मध्ये लंडनला फासावर चढले. स्टीफन्स परतले असते तर त्यांच्याही वाट्यास दुसरे काही आले नसते.

त्यांनी हिंदुस्थान मागून घेतले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजांचा तांडा निघाला आणि २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले, ज्यांची नोंद सापडते असे हे पहिलेच इंग्रज होत. उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांस एक लांबलचक पत्र धाडले. ते पत्र वाचताना घर सोडून दूर गेलेल्या कोणाही मुलाची आठवण व्हावी. वाटेत काय काय पाहिले ते सारे बापाच्या डोळ्यांपुढे उभे करण्याची धडपड त्यात आहे. विषुववृत्ताजवळ वाऱ्याअभावी रखडलेली जहाजे, केप ऑफ गुड होपचे तुफान, हिरड्या सुजविणारा आजार, किनारा जवळ आल्याची खूण म्हणून पाण्यावर दिसणारे साप. दीडशेच्या वर माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. पूर्वीच्या सफरींच्या मानाने ही हानी थोडीच, असे खलाशी समजत, तेही त्यांनी नमूद केले आहे. नारळाच्या झाडाचे तर त्यांस फारच नवल वाटले. तेल, ताडी, साखर, शिर्का, दोर हे सारे एकाच झाडापासून कसे निघते ते त्यांनी निगुतीने सांगितले. हे पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुइट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले. ते वाचूनच इंग्रज व्यापाऱ्यांस हिंदुस्थानची ओढ लागली, असे पुष्कळदा सांगितले जाते. एका पत्राच्या माथी इतका भार टाकणे मला काहीसे अतिशयोक्त वाटते. परंतु १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी निघण्यापूर्वी इंग्रजी वाचकापुढे असलेल्या मोजक्या प्रत्यक्ष वृत्तांतांत ते एक होते, एवढे खरे.

१५८० मध्ये दीक्षाविधी होऊन ते फादर झाले आणि सासष्टीत रुजू झाले. मांडवीच्या काठी वसलेली राजधानी वैभवाने झगमगत होती. सासष्टीची कथा वेगळी होती. या तालुक्यातील देवळे १५६७ साली राचोल किल्ल्याच्या अधिकाऱ्याच्या हुकुमतीखाली सर्रास पाडली गेली होती, त्यांची संख्या पावणेतीनशेच्या घरात सांगतात. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना त्यांचे भक्त त्याच काळात नदीपलीकडे प्रियोळ व कवळे येथे घेऊन गेले, हा इतिहास आपणांपैकी अनेकांच्या घरी कुळाचाराबरोबरच सांगितला जातो. १५६० पासून गोव्यात धर्मचौकशीचे न्यायालय बसले होते. जुने ग्रंथ जवळ बाळगणे धोक्याचे झाले होते. स्टीफन्स यांचा स्वभाव मृदू होता असे त्यांच्याविषयीच्या उल्लेखांवरून दिसते. तथापि ज्या सत्तेने हे सर्व केले तिच्याच छत्राखाली ते सासष्टीत आले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

२५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे प्रमुख रोदोल्फो आक्वाव्हिवा हे काही महिन्यांपूर्वीच फत्तेपूर सिक्रीहून, अकबराच्या दरबारातून परतले होते. देवळे गेल्याचा आणि पिके, घरे जाळली गेल्याचा संताप त्या हल्ल्यामागे होता. पोर्तुगीजांनी नंतर बोलणी करावयाची म्हणून गावच्या पुढाऱ्यांना आसोळणेच्या किल्ल्यात बोलाविले आणि तेथे त्यांची कत्तल केली. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला स्टीफन्स यांनी पॅरिसमधील आपला भाऊ रिचर्ड यास पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकीकत आहे, आणि त्याच पत्रात इकडच्या भाषांविषयी एक निरीक्षणही आहे. या भाषांचे उच्चार गोड आहेत आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे त्यांनी भावास कळविले. संस्कृत आणि युरोपीय भाषांचे नाते विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात जगापुढे मांडले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. सहकाऱ्यांचे खून नुकतेच झालेले असताना ज्याचे लक्ष त्या गावकऱ्यांच्या बोलीच्या व्याकरणाकडेही लागते, तो मनुष्य धर्मोपदेशकांत जरा वेगळाच म्हटला पाहिजे.

त्या वर्षाअखेरीस गोव्याच्या तुरुंगात चार इंग्रज येऊन पडले : जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार. होर्मुझला हेर समजून त्यांना पकडले होते. ते प्रॉटेस्टंट राणीचे प्रजाजन होते, आणि त्या राणीच्या कायद्यांमुळेच स्टीफन्स परागंदा झाले होते. तरी त्यांनी आणखी एका जेझुइटाच्या मदतीने खटपट करून त्यांची जामिनावर सुटका करविली. स्टोरी चर्चची चित्रे रंगवीत मागे राहिला, बाकीचे तिघे १५८४ मध्ये गोव्याहून पळाले आणि विजापूर, गोवळकोंडा करीत फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. तेथून न्यूबेरी लाहोरच्या रोखाने निघाला आणि पुढे त्याचा ठावठिकाणा लागला नाही. आग्रा-लाहोर हमरस्ता तेव्हाही अंबाला-सरहिंदवरून जात असे. म्हणजे स्टीफन्स यांनी सोडविलेला तो व्यापारी शेवटी आपल्या या पंचकुल्यापासून दिवसाच्या मजलेवरून गेला असण्याचा संभव आहे.

या नंतरची तीस-बत्तीस वर्षे स्टीफन्स यांनी मुख्यतः सासष्टीतच काढली. मडगावचे विद्यालय जुवारीकाठच्या राचोल किल्ल्यात हलविले गेले. रायतूर हे त्याचे जुने नाव. तेथे १६०६ मध्ये भव्य इमारतीचा पाया घातला गेला. संत इग्नेशियस यांच्या नावाचे चर्च आणि सेमिनरी तेथे आजही उभी आहे. भोवती भातशेती, खाडी, नारळीची बने आणि पडक्या तटाचा एक दरवाजा, असे ते दृश्य आहे. याच ठिकाणी क्लिफ पिपर्डच्या त्या मुलाचा उत्तरकाळ गेला. पाद्री एस्तेव्हांव या नावाने लोक त्यांना ओळखू लागले.

सासष्टीतील नवख्रिस्ती कुटुंबांची अडचण त्यांनी जवळून पाहिली. देव बदलला होता, पण कानाची सवय बदलली नव्हती. पिढ्यान्पिढ्या संध्याकाळी पुराण ऐकण्याचा परिपाठ असलेल्या घरांतून पुराणच नाहीसे झाले होते आणि त्या जागी आले होते पाठ करावयाचे धडे. त्यांच्या ग्रंथाच्या आरंभीच असा प्रसंग आहे की, श्रोत्यांपैकी एक जण पाद्रीस विचारतो : जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्यासारखे दुसरे काही आम्हांस का देत नाही? हा प्रश्न विचारण्याचे धैर्य कोणा खऱ्या माणसाने केले असेल की तो कवीनेच रचला असेल, ते काहीही असो. तो प्रश्न आपल्या ग्रंथाच्या दारातच उभा करण्याचा प्रामाणिकपणा स्टीफन्स यांच्याजवळ होता.

उत्तर म्हणून त्यांनी पुराणच लिहिले. यासाठी त्यांनी जी सामग्री अभ्यासली असली पाहिजे तिचा उगम चमत्कारिक आहे. हिंदू घरांतून नेलेली मराठी हस्तलिखिते जेझुइटांच्या हाती आली होती आणि त्यांच्या अभ्यासासाठी रोमन लिपीत नकला होत होत्या. रामायण-महाभारताच्या कथांच्या अशा नकला पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. जे ग्रंथ लोकांच्या हातून काढून घेतले, त्यांच्याच वळणावर लोकांसाठी नवा ग्रंथ घडला. पैठणास एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पुरे केले ते १५८४ मध्ये, स्टीफन्स गोव्यास उतरल्यावर अवघ्या पाच वर्षांनी. एकाच भाषेची ओवी एकाच काळी गोदावरीकाठी सोवळ्यात शुद्ध केली जात होती आणि जुवारीकाठी एक विलायती पाद्री ती गिरवीत होता. दोघांस एकमेकांची वार्ताही नसावी.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात विश्वाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व कथा असून त्याचे ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, व ४,१८१ ओव्या आहेत. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र असून त्याचे ५९ अवस्वरू व ६,७८१ ओव्या आहेत. एकूण संख्या १०,९६२ भरते. आरंभ आपल्या रीतीप्रमाणे नमनाने होतो. स्वर्गास वैकुंठ म्हटले आहे. मुक्ती, पुण्य, कृपा हे सारे आपलेच शब्द त्यांनी नि:शंकपणे घेतले. भाषा मराठी, पण ऐकणाऱ्यास सोपी जावी म्हणून तीत कोकणी शब्द मिसळलेले. मराठीची त्यांनी केलेली स्तुती तर आपण शाळेत वाचलेली असते. फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी आणि पक्ष्यांत मोर, तशी भाषांत मराठी, असा तिचा आशय आहे. पाठ्यपुस्तकातून तेवढ्याच ओव्या वाचून आपण थांबतो, ही मात्र खेदाची गोष्ट आहे. मेरीचा शोक किंवा लहान येशूच्या वर्णनाचे भाग वाचणाऱ्यास ओवीचा हात किती सरावलेला होता ते कळेल.

ही स्तुती ज्या लिपीत छापली गेली ती मात्र नागरी नव्हती. स्टीफन्स यांची इच्छा ग्रंथ येथल्याच लिपीत निघावा अशी होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला संघप्रमुखांकडे त्यासाठी परवानगी मागितली. अडचण होती ती जोडाक्षरांची आणि काना-मात्रांची. रोमन लिपीस दोन डझन खिळे पुरतात, आपल्या लिपीस शेकडो साचे पाडावे लागतात. ते काम झाले नाही. १६१६ साली राचोल येथे ग्रंथ छापला गेला तो रोमन अक्षरांत, पोर्तुगीज वळणाने. ट, ड, ळ असे मूर्धन्य वर्ण दाखविण्यास अक्षर दुहेरी लिहावयाचे. आपल्या मंडळातील मुले मोबाइलवर आईवडिलांस रोमन अक्षरांत मराठी लिहितात तेव्हा वडीलधारी मंडळी नाराज होतात. त्या प्रथेला चारशे वर्षांचा वारसा आहे, हे त्यांना सांगावयास हरकत नाही.

१६१९ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षाच्या आसपास, फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. चाळीस वर्षांत ते एकदाही इंग्लंडला गेले नाहीत. त्यांनी लिहिलेली कोकणी ख्रिस्ती प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये निघाले. भारतीय भाषांच्या छापील व्याकरणांत त्या व्याकरणाचे स्थान अगदी आरंभीचे आहे. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या राज्यात मराठी पुराण तीनदा छापले गेले, त्याच राज्यात देशी भाषा गुन्ह्यासारखी झाली. क्लिफ पिपर्डच्या लेकराने लहानपणी जे पाहिले होते तेच सासष्टीच्या नशिबी आले. फरक इतकाच की, तिकडे लोकांवर त्यांच्या राजाची भाषा लादली होती आणि इकडे सातासमुद्रापलीकडच्या राजाची. पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही.

ग्रंथ वाचला तो स्थलांतरितांमुळे. धर्मचौकशी, दुष्काळ, स्वाऱ्या अशा नाना कारणांनी गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडी मुलखात, मंगळूरच्या बाजूस जाऊन राहिली. त्यांच्या गाठोड्यांत हाताने उतरलेल्या ख्रिस्तपुराणाच्या वह्या होत्या. भोवती कानडी आणि तुळू, घरात कोकणी, आणि उपवासकाळात मोठ्याने वाचावयाची ती या मराठी ओव्यांची वही. १७८४ मध्ये टिपूने त्या लोकांस श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले तेव्हाही या ओव्यांनीच त्यांस धीर दिला, अशी मंगळूरची परंपरा सांगते. त्या घरांतील कित्येकांस शब्दन्‌शब्द समजत असेल असे वाटत नाही. तरी वह्या उतरल्या जात राहिल्या. अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरास ग्रंथाची पहिली आधुनिक आवृत्ती काढली, तीही रोमन लिपीतच.

नागरी लिपीचा शोध लागला तो अनपेक्षित ठिकाणी. मराठी संतवाङ्मयाचे अमेरिकन अभ्यासक जस्टिन अॅबट यांना लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात ख्रिस्तपुराणाचे एक देवनागरी हस्तलिखित आढळले. ही माहिती १९२० नंतरच्या दशकात अभ्यासकांपुढे आली. त्यातील शब्दकळा अधिक संस्कृतप्रचुर आहे आणि मूळ रचना कोणती, नागरी की रोमन, यावर विद्वानांचा वाद आहे. क्लिफ पिपर्डचे चर्च त्या ग्रंथालयापासून सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावर आहे.

देवनागरीत छापील ख्रिस्तपुराण मराठी वाचकाच्या हाती आले ते १९५६ मध्ये, पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी काढलेल्या आवृत्तीमुळे. पुढे १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फाल्काव यांची संपादने निघाली. ग्रंथ जाडजूड आहे, पण कठीण शब्दांचे अर्थ त्यांत दिलेले आहेत. मंडळाच्या वाचनालयासाठी यांपैकी एखादी प्रत मागवावी, अशी माझी सूचना आहे. वाचताना ती मनात न वाचता चार जणांत मोठ्याने वाचावी. पहिल्या पुराणातील पहिला अवस्वरू एका बैठकीत सहज पुरा होतो.